बाराव्या खेळाडूची किंमत

नमस्कार मंडळी. गणपती बाप्पा मोरया!

कोलंबसमध्ये गणपतीचा कार्यक्रम ठरवताना कार्यकारिणी आधी पंचांग बघते आणि लगेच बकाईजचं, म्हणजे ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं, वेळापत्रक. ते योग्यच आहे. 'शू'मध्ये, म्हणजे त्यांच्या स्टेडियममध्ये, सामना असला की लेन अव्हेन्यूवरून मोदकांचे डबे घेऊन कोणी वेळेवर पोचू शकत नाही. त्यामुळे या व्यासपीठावरून फुटबॉलवर बोलायला मला संकोच वाटत नाही.

बोलायचं कारण एक प्रश्न आहे. गेल्या आठवड्यात अथर्वशीर्षाचा सराव संपल्यावर मुलं २०२४ च्या ऑरेगनविरुद्धच्या सामन्याचा शेवट फोनवर बघत होती. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "काका, नियम त्यांनी मोडला आणि फायदाही त्यांचाच झाला. मग शिक्षा कुणाला झाली?" शेजारी उभे असलेल्या मोठ्यांनी सांगितलं, "अगं, तो नियम आता बदललाय." तेवढ्यावर विषय संपला. मला मात्र वाटतं, त्या मुलीला नीट उत्तर मिळायला हवं होतं.

आधी तो शेवट आठवू या. १२ ऑक्टोबर २०२४, यूजीन. ऑरेगन ३२, आपण ३१. घड्याळात १० सेकंद, तिसरा डाउन (ठरलेलं अंतर गाठायच्या चार प्रयत्नांतला तिसरा), अजून २५ यार्ड बाकी आणि चेंडू त्यांच्या ४३ यार्डांच्या रेषेवर. तिथून फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून किक, मारायचा तर ४३ मध्ये १७ मिळवायचे: १० यार्ड एंड झोनचे (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याचे) आणि चेंडू धरणारा साधारण ७ यार्ड मागे बसतो ते. म्हणजे ६० यार्डांची किक. कॉलेजच्या किकरसाठी हे फार झालं. त्याला ४५ च्या आसपास आणायचं तर एक नेमका पास हवा आणि त्यानंतर किक मारायला सेकंदभर तरी वेळ हवा. त्या घडीला सेकंद यार्डांपेक्षा महाग होते.

नेमकं तेव्हाच ऑरेगनने अकराऐवजी बारा खेळाडू मैदानात ठेवले. एक माणूस जास्त असल्यावर कडेचा रिसीव्हर (पास झेलणारा) मोकळा कसा सापडणार? पास कुणाच्या हाती न लागता पडला. पंचांचा फाउलचा फ्लॅग आला, आपल्याला ५ यार्ड मिळाले. पण खेळीत गेलेले ४ सेकंद परत देण्याची तरतूद त्या शिक्षेत नव्हती. उरले ६. पुढच्या खेळीत आपला पास टाकणारा विल हॉवर्ड स्वतः धावला आणि घसरून बसला, तोवर घड्याळ शून्यावर आलं होतं. अशा प्रसंगाची तयारी आपण करून ठेवली होती, असं ऑरेगनच्या प्रशिक्षकांनी नंतर सुचवलंही. ५ यार्ड मोजून ४ सेकंद विकत घेतले, आणि भाव नियमपुस्तकात छापलेला होता.

आठवडा संपायच्या आत एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, नियमाचा नवा अर्थ लावून दिला. दोन्ही हाफमध्ये शेवटची दोन मिनिटं उरल्यावर जो टाइमआउट होतो, त्यानंतर बचाव करणाऱ्या संघाचे बारा किंवा जास्त खेळाडू खेळीत सामील असतील, तर ५ यार्ड मिळतातच, शिवाय दुसऱ्या संघाला घड्याळ स्नॅपच्या, म्हणजे खेळी सुरू झाल्याच्या, क्षणापर्यंत मागे नेऊन घेता येतं. बारावा माणूस बाहेर पळत असेल आणि त्याचा खेळीवर काही परिणाम झाला नसेल, तर फक्त ५ यार्ड. गडबडीत राहून गेलेला पोरगा आणि ठरवून उभा केलेला पोरगा यांत नियमाने केलेला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. तो फरक काढून टाकला, तर मैदानाबाहेर धावत सुटलेल्या मुलाच्या एका पावलावर सामने फिरतील.

आता थोडं आपल्याबद्दल बोलतो, आणि ते ऐकून घ्या. नियम चांगला की वाईट हे आपण फार वेळा निकाल बघून ठरवतो.

२८ डिसेंबर २०१९ चा फिएस्टा बोल हा हंगामाअखेरचा मोठा सामना आठवतो ना? क्लेमसनविरुद्ध आपण १६–० पुढे होतो. तिसऱ्या डाउनला आपल्या शॉन वेडने त्यांच्या ट्रेव्हर लॉरेन्सला पाडलं. चेंडू आपल्याकडे येण्याची वेळ झाली होती. रिप्ले बघून टार्गेटिंग (धोकादायक धडकेचा फाउल) दिलं, वेड सामन्यातून बाहेर गेला, क्लेमसनला फर्स्ट डाउन, म्हणजे नव्याने चार प्रयत्न, मिळाला आणि त्याच ड्राइव्हवर (चढाईत) टचडाउनही. शेवटी २९–२३ हरलो. त्या रात्री कोलंबसमधल्या प्रत्येक मराठी घरात एकच वाक्य होतं: नियम फार कडक आहे, मुलाचा हेतू तसा नव्हता.

त्यानंतर ३१ डिसेंबर २०२२, पीच बोल, जॉर्जियाविरुद्ध. एंड झोनमध्ये आपल्या मार्व्हिन हॅरिसन ज्युनियरला जबर धडक बसली. मैदानावर टार्गेटिंग दिलं आणि रिप्लेमध्ये काढून घेतलं. टचडाउनच्या आशेवर असलेल्या आपल्याला फील्ड गोलवर समाधान मानावं लागलं, हॅरिसन परत खेळला नाही आणि ४२–४१ ने गेलो. त्या रात्रीचं वाक्य: नियम फार ढिला आहे.

नियम तोच होता. खेळाडूचा हेतू त्यात विचारलाच जात नाही. हेल्मेटच्या माथ्याने जोरदार धडक दिली का, किंवा स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्या खेळाडूच्या डोक्या-मानेवर जोरदार आघात केला का, एवढं बघतात. आणि त्यासोबत एखादी खूण लागते: झेप घेणं, दबून वर उसळणं, धडकेआधी डोकं खाली घालणं. रिप्लेमध्ये हे सगळे घटक दिसले तरच निर्णय पक्का होतो, यातला एक जरी नसला तरी तो रद्द. आपल्या गल्लीत बॅटचा मालक आउट झाला की वन टप्प्याचा नियम बदलायचा, तसं आपण दर जानेवारीत करतो. मुलं आपल्याकडून हेच शिकतात.

याचं ताजं उदाहरणही आहे. राष्ट्रीय विजेतेपदाच्या बारा संघांच्या नव्या प्लेऑफमध्ये पहिल्या वर्षी पहिली चार मानांकनं आणि पहिल्या फेरीची सुट्टी कॉन्फरन्सच्या (संघांच्या गटांच्या) विजेत्यांसाठी राखून ठेवली होती. परिणाम असा, की एकही सामना न हरलेल्या अव्वल ऑरेगनसमोर उपांत्यपूर्व फेरीतच आठव्या मानांकनाचे आपण उभे. १ जानेवारी २०२५ ला रोझ बोलमध्ये ४१–२१ ने त्यांना हरवलं आणि आपण सगळे नाचलो. सुट्टी मिळालेले चारही संघ त्याच फेरीत हरले. २०२५ पासून मानांकन सरळ क्रमवारीने होऊ लागलं. ऑरेगनवर त्या मांडणीने अन्याय केला, असं आपल्या मंडळात कोणी मोठ्याने म्हटलेलं मी ऐकलं नाही. म्हणायला हवं होतं. चार संघांची जुनी पद्धत असती, तर मिशिगनकडून हरल्यावर आपला हंगाम तिथेच संपला असता, हेही त्यासोबतच म्हणायला हवं.

त्या १३–१० बद्दल बोलल्याशिवाय कोलंबसमध्ये खाली बसता येत नाही. त्या वरच्यांकडून, म्हणजे मिशिगनकडून, सलग चौथी हार, तीही आपल्या घरी, ३० नोव्हेंबर २०२४ ला. प्रशिक्षक रायन डेना काढा, असं म्हणून आपण मोकळे झालो. कारणं मैदानावर दिसत होती. आपल्या पुढच्या बचावभिंतीतला डावा टॅकल जॉश सिमन्स त्याच ऑरेगन सामन्यात गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला होता आणि नोव्हेंबरमध्ये भिंतीच्या मधला, म्हणजे सेंटर, सेथ मॅक्लॉफलिनही जखमी झाला. पाच जणांच्या भिंतीतले दोन नवे, आणि समोर मधोमध मिशिगनचे मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट. तरीही आपण पुन्हा पुन्हा मधूनच धावत राहिलो: २६ वेळा चेंडू घेऊन पळालो आणि यार्ड मिळाले ७७. वर दोन इंटरसेप्शन (आपले पास त्यांनी झेलले) आणि दोन हुकलेले फील्ड गोल.

इथे घड्याळाचा नियमही बघायला हवा. २०२३ पासून फर्स्ट डाउन मिळाल्यावर घड्याळ थांबत नाही, फक्त प्रत्येक हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबतं. दोन्ही संघ धावून खेळणारे असले की सामन्यात चेंडू हाती येण्याच्या वेळा घटतात. मग हुकलेला एक फील्ड गोल पूर्वीपेक्षा जास्त महाग पडतो, कारण चूक भरून काढायला पुढची ड्राइव्ह मिळेलच असं नाही. कमजोर संघाला असा तुटपुंजा सामनाच हवा असतो. मिशिगनने तो घडवला आणि आपण त्यांना साथ दिली. प्लेऑफमध्ये हेच उलटं केलं. रोझ बोलमध्ये पहिल्याच ड्राइव्हला जेरमाया स्मिथकडे लांब पास, टचडाउन, आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये ३४–०. तेच खेळाडू, तेच प्रशिक्षक. टेनेसी, ऑरेगन, टेक्सस आणि अंतिम सामन्यात नोत्र दाम (३४–२३), सगळ्यांना हरवलं. २०२५ च्या सलामीलाही टेक्ससला १४–७ ने रोखलं. पण निकाल चांगला आला म्हणून नोव्हेंबरमधली मांडणी बरोबर ठरत नाही.

परत त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. शिक्षा फायद्यापेक्षा महाग हवी, एवढं तिला सांगता येईल. पण २०२५ चा एक नवा नियम वाचल्यापासून मलाच ते उत्तर अपुरं वाटतं.

वेगाने खेळणाऱ्या संघाची लय तोडायला बचावातला एखादा खेळाडू अचानक खाली बसतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. जुन्या नियमात तो फक्त एक खेळी बाहेर बसायचा, म्हणजे ढोंग जवळजवळ फुकट. २०२५ पासून पंचांनी पुढच्या खेळीसाठी चेंडू ठेवल्यानंतर वैद्यकीय पथकाला मैदानात यावं लागलं, तर त्या संघाचा एक टाइमआउट जातो. टाइमआउट उरलेला नसेल तर ५ यार्ड. ढोंगाला भाव लागला हे चांगलं झालं. पण डॉक्टरने मैदानात पाऊल टाकल्यावर खरं दुखणं आणि खोटं दुखणं यांचं बिल सारखंच येतं. बारा खेळाडूंच्या नियमात जो फरक ठेवला, तो इथे ठेवता आलेला नाही, कारण पंच कोणाच्या गुडघ्यात किंवा डोक्यात शिरून बघू शकत नाही.

मग चौथ्या क्वार्टरमध्ये एकच टाइमआउट शिल्लक आहे आणि धडकेनंतर एकोणीस वर्षांच्या मुलाला चक्कर येते आहे. तो तिथेच झोपून राहील की संघासाठी उठून उभा राहील? गुडघा मोडला तर उठताच येत नाही. डोक्याला मार बसला तर बऱ्याचदा उठता येतं, आणि धोका तिथेच आहे. आपल्या गटाच्या, म्हणजे बिग टेनच्या, सामन्यांत रिप्लेच्या खोलीत डोक्याला मार बसलेला खेळाडू हेरायला एक तटस्थ माणूस बसतो, हा मोठा आधार आहे. शुक्रवार संध्याकाळच्या शाळेच्या सामन्यांत बहुतेक ठिकाणी तसं कोणी नसतं. आणि हायस्कूलच्या नियमांत टार्गेटिंगला १५ यार्ड आहेत, बाहेर काढणं फक्त अतिरेकी धडकेसाठी. शनिवारी टीव्हीवर बघितलेला टॅकल पुढच्या शुक्रवारी आपल्याच ओळखीचा कोणीतरी करून बघतो.

या हॉलमध्ये ज्यांची मुलं शाळेच्या संघात आहेत, त्यांना एक विनंती. सामन्यानंतर गाडीत स्कोअर विचारण्याआधी, धडकेनंतर डोकं दुखलं का, उजेडाचा त्रास झाला का, मधला एखादा भाग आठवत नाही असं झालं का, हे विचारा. आणि प्रशिक्षकांना आधीच भेटून विचारून ठेवा, की आमचा मुलगा खाली बसला तर त्याला उठ म्हणण्याचा किंवा बाहेर काढण्याचा निर्णय तुमच्याकडे नेमका कोण घेतं. कॉलेजचा हा नियम उद्या शाळांपर्यंत आला, तर त्या माणसावर टाइमआउटचं ओझं येणार आहे. ते त्याच्या डोक्यावरून कसं उतरवायचं, हे मला अजून कोणी पटेल असं सांगितलेलं नाही.