जळगाव आणि धुळे: दोन शहरांच्या क्षितिजरेषा

जळगाव आणि धुळे यांच्यामधले अंतर महामार्गाने शंभर किलोमीटरही नाही, आणि तरीही या दोन शहरांतली चढाओढ खान्देशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ब्रिटिश अमदानीत संपूर्ण खान्देश जिल्ह्याचा कारभार धुळ्यातून चालत असे. 1906 साली जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, जळगावला स्वतःचे मुख्यालय मिळाले, आणि तेव्हापासून एका शहराच्या पदरात जे पडले ते दुसऱ्याला का नाही, हा प्रश्न कधी मिटला नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय धुळ्यात आधी आले आणि जळगावला त्यासाठी 2018 सालापर्यंत थांबावे लागले. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ मात्र 1990 साली जळगावला स्थापन झाले. आता या वादात इमारतींच्या उंचीचीही भर पडली आहे. ड्रोनने टिपलेली दृश्ये शेजारी शेजारी ठेवून कोणते शहर अधिक मोठे दिसते, हे ठरवले जाते. आपणही आज दोन्ही शहरांचे मध्यभाग उंचावरून पाहणार आहोत. मात्र कोणती इमारत किती मजल्यांची आहे यापेक्षा ती तिथे का उभी राहिली, याकडे आपले लक्ष अधिक राहील.

पहिले दृश्य जळगावचे आहे. रेल्वे स्थानकातून बाहेर पडून नेहरू चौकाकडे वळले की महापालिकेची सतरा मजली इमारत समोर येते. तिचे अधिकृत नाव सरदार वल्लभभाई पटेल टॉवर असे असले, तरी रिक्षावाल्याला ‘सतरा मजली’ एवढेच सांगितले की पुरते. ही इमारत उभी राहिली तेव्हा जळगावात महापालिका नव्हती, नगरपालिका होती. महापालिकेचा दर्जा शहराला 2003 साली मिळाला. एखाद्या नगरपालिकेने आपल्या कचेरीसाठी सतरा मजले चढवावेत, ही गोष्ट त्या काळातल्या जळगावच्या आत्मविश्वासाबद्दल पुष्कळ काही सांगते. कॅमेरा थोडा मागे घेतला की दिसते, की या इमारतीच्या आसपास तिच्या निम्म्यानेही उंच असे फारसे काही नाही. महात्मा फुले मार्केट, गोलाणी मार्केट आणि टॉवर चौकाभोवतीची दुकाने यांचा पसारा मोठा आहे, पण तो आडवा आहे. खाली दुकान, वर गोदाम किंवा कचेरी, आणि त्यावर कुठे एखादे बिऱ्हाड, अशी ही बाजारपेठेची बांधणी आहे. जळगावची क्षितिजरेषा म्हणून जी ओळखली जाते, ती वास्तविक एका इमारतीची रेषा आहे.

ही गर्दी स्थानकाजवळच का झाली, याचे उत्तर कापसात आहे. 1860 नंतरच्या दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग खान्देशात पोहोचला, आणि त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाल्यावर खान्देशच्या कापसाला एकाएकी मागणी आली. जळगाव हे कापसाचे मोठे केंद्र झाले. युद्ध संपल्यावर भाव कोसळले आणि व्यापाऱ्यांना जबर फटका बसला, तरी पेठ मोडली नाही. सरकी काढण्याचे कारखाने आले, गासड्या बांधण्याचे प्रेस आले, आणि स्थानकालगत खान्देश मिल उभी राहिली. पुढे डाळ, केळी आणि सोने यांच्या व्यापाराने हीच पेठ आणखी भरली. मालगाडीत चढवायचा माल स्थानकापासून फार दूर ठेवणे परवडत नाही. म्हणून जमीन महाग झाली ती स्थानकाभोवती, आणि इमारतींनी डोके वर काढले तेही तिथेच. खान्देश मिल बंद पडली आणि तिच्या जागेवर आता व्यापारी संकुल आले आहे, यातही तोच क्रम पुढे चाललेला दिसतो.

आता आपण धुळ्याकडे वळू. धुळे पाहायचे तर लळिंगच्या किल्ल्यावरून पाहावे. मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला, शहराच्या दक्षिणेस, हा फारुकी राजवटीशी नाते असलेला डोंगरी किल्ला उभा आहे. इथून उत्तरेकडे पाहिले की सतरा मजलीसारखी एकही खूण डोळ्यांत भरत नाही. सपाट छपरांचा एक करडा पट्टा पांझरा नदीपर्यंत गेलेला दिसतो, मध्ये कुठे मंदिराचे शिखर, कुठे मशिदीचा मिनार, कुठे मोबाइलचा मनोरा, आणि नदीपलीकडे देवपूरची वस्ती. जळगावच्या तुलनेत ही रेषा सपाट आहे, हे उघड आहे. पण केवळ तेवढ्यावरून धुळ्याला कमी लेखणे अन्यायाचे ठरेल, कारण धुळ्याचे मोठेपण उंचीपेक्षा जमिनीवरच्या आखणीत आहे.

या आखणीची सुरुवात दोनशे वर्षांपूर्वीची आहे. 1819 साली धुळ्यात 401 घरे आणि 2,509 माणसे होती. ब्रिटिश अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी हे ठिकाण जिल्ह्याचे मुख्यालय म्हणून निवडले, सरकारी कचेऱ्यांसाठी जागा मिळवली, बाहेरगावाहून कारागीर आणले, आणि व्यापाऱ्यांनी इथे येऊन घरे बांधावीत म्हणून त्यांना जमीन व कर्ज दिले. 1872 साली लोकसंख्या 12,489 झाली होती आणि घरे 2,620. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत: माणसे जवळपास पाचपट झाली, तर घरे साडेसहापट. म्हणजे त्या अर्धशतकात धुळे दाटले नाही, पसरले. आग्रा रोडला समांतर जाणाऱ्या, नावांऐवजी क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांमधून आजही फिरताना ती ऐसपैस मांडणी जाणवते. गल्लीच्या एका टोकाला उभे राहिले तर दूरवरचे दुसरे टोक दिसते, आणि जुन्या पेठांमध्ये हे सुख सहसा मिळत नाही.

रेल्वे धुळ्याला उशिरा आली. 1900 साली चाळीसगावहून एक फाटा धुळ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मुख्य मार्गावरचे स्थानक नसल्यामुळे जळगावसारखी एका ठिकाणी दाटलेली पेठ इथे झाली नाही; उलट मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडे जाणारा असे मोठे रस्ते इथे मिळत असल्यामुळे व्यापार रस्त्यांच्या कडेने लांबत गेला. 1901च्या जनगणनेत धुळे जळगावपेक्षा मोठे होते. 2011 साली मात्र जळगावची लोकसंख्या 4 लाख 60 हजार आणि धुळ्याची 3 लाख 75 हजार अशी नोंदली गेली. शतकभरात पारडे फिरले, आणि त्यात लोहमार्गाचा वाटा मोठा आहे, असे आम्हाला वाटते.

कॅमेरा आता एका गच्चीवर येतो. ती जळगावच्या जुन्या भागातली आहे की धुळ्याच्या एखाद्या गल्लीतली, हे चित्रावरून ओळखता येणार नाही, आणि क्षितिजरेषेबद्दलची सर्वांत खरी माहिती इथेच मिळते. उन्हाळ्यात खान्देशात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, पाऊस बेताचा पडतो, आणि म्हणून इथली पारंपरिक घरे उतरत्या छपराची नसून धाब्याची असत: लाकडी सरांवर काड्या आणि पाला अंथरून त्यावर मातीचा जाड थर दिलेला, आणि पावसाळ्यापूर्वी त्यावर खारी माती नव्याने पसरलेली. या मातीच्या थरामुळे दुपारी घर थंड राही आणि रात्री सगळे कुटुंब वर झोपायला येई. सिमेंटचा स्लॅब आला तरी गच्चीची सवय तीच राहिली. चैत्रात सुती साडी अंथरून तिच्यावर कुरडया आणि पापड वाळत घातलेले दिसतात, कडेला गाद्यांची वळकटी असते, आणि कोपऱ्यात एकाशेजारी एक ठेवलेल्या प्लास्टिकच्या टाक्या. ज्या कुटुंबाला अशी स्वतःची गच्ची हवी असते, ते सातव्या मजल्यावरच्या सदनिकेपेक्षा शहराबाहेरचा छोटा प्लॉट पसंत करते. शहरे आडवी वाढली त्यामागे ही आवडही आहे.

त्या टाक्यांकडे आणखी थोडा वेळ पाहू. जळगावला वाघूर धरणातून पाणी येते. धुळ्याला तापी नदी, नकाणे आणि डेडरगाव हे तलाव यांवर अवलंबून राहावे लागले आहे. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून प्रत्येक बिऱ्हाड आपली टाकी वर ठेवते आणि दोन्ही शहरांच्या माथ्यावर टाक्यांची दुसरी वस्तीच उभी राहते. त्या टाक्यांच्याही वर दिसतात ते महापालिकेचे जलकुंभ. अनेक प्रभागांमध्ये सर्वांत उंच बांधकाम जलकुंभच असते. उंच इमारतीला जमिनीखाली मोठी टाकी, पंप, अखंड वीज, लिफ्ट आणि आगीशी झुंजण्यासाठी वेगळा पाणीसाठा लागतो. ज्या शहरात पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येते, तिथे प्रत्येक वाढीव मजल्याचा खर्च रहिवाशांच्या मासिक वर्गणीवर पडतो. मजल्यांच्या संख्येवरून वाद घालणाऱ्यांनी हा हिशेबही मांडला पाहिजे.

2020 साली राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, आणि तिच्यात किती बांधकाम करता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी जोडलेले आहे. या एका अटीचा परिणाम दोन्ही मध्यभागांवर होणार आहे. जळगावच्या सराफ बाजारात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडलगतच्या गल्ल्यांमध्ये जुनी घरे पाडून नवी बांधली, तरी ती फार उंच जाऊ शकणार नाहीत, कारण रस्ता रुंद करायला तिथे जागाच उरलेली नाही. रुंद रस्ते आहेत ते महामार्गालगत आणि नव्या वसाहतींमध्ये. त्यामुळे यापुढचे मनोरे जळगावच्या स्थानकापासून आणि धुळ्याच्या पेठेपासून दूर, शहराच्या कडांवर उठण्याचा संभव अधिक आहे.