ठिणगी पडण्याआधीचं गणित

नमस्कार श्रोतेहो.

८ नोव्हेंबर २०१८ ची पहाट. उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरात उच्चदाब वाहिनीच्या एका मनोऱ्यावरचा लोखंडी आकडा झिजून तुटला. त्याची जिवंत तार मनोऱ्याला लागली, ठिणग्या खाली वाळलेल्या गवतात पडल्या, आणि काही तासांत पॅराडाइज हे गाव जवळजवळ संपूर्ण जळालं. ८५ माणसं गेली. तो लोखंडी आकडा सुमारे शंभर वर्षांचा होता. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या वीज कंपनीने २०२० मध्ये त्यांपैकी ८४ मृत्यूंबद्दल सदोष मनुष्यवधाचा गुन्हा न्यायालयात कबूल केला.

हजारो मैलांच्या तारा एका वर्षात बदलता येत नाहीत. मग आधी कोणती बदलायची? यासाठी कंपन्या संगणकावर जोखमीचं गणित मांडतात. खांबाचं वय, जवळची झाडं, मागचे बिघाड, वारा यांवरून ठिणगी पडण्याची शक्यता काढतात. मग ठिणगी पडलीच असं धरून तिथून काल्पनिक आग लावून बघतात: गवत किती सुकलंय, चढ कुठे आहे, वारा कोणत्या घरांकडे वाहतोय. या दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या तारेची जोखीम. त्यामुळे ओल्या दरीतली, वारंवार बिघडणारी वाहिनी यादीत खाली जाते आणि कोरड्या कड्यावरची, बरी दिसणारी वाहिनी वर येते, कारण तिच्या वाऱ्याच्या वाटेवर गाव आहे. मला या पद्धतीचं खरं मोल इथे वाटतं.

अर्थात दरीगणिक वारा बदलतो, दूरच्या विमानतळावरची नोंद तिथे चालत नाही. २००७ च्या वणव्यांनंतर सॅन डिएगोच्या वीज कंपनीने म्हणूनच स्वतःची हवामान केंद्रं उभारली. आज ती दोनशेहून जास्त आहेत.

पण मनोऱ्यावरचा झिजलेला लोखंडी आकडा संगणकाला दिसत नाही. त्यासाठी माणसाने मनोऱ्यावर चढावं लागतं किंवा ड्रोनने जवळून फोटो काढावे लागतात. तपासणीची नोंदच नसेल, तर गणित कितीही बारीक असलं तरी उत्तर चुकणार.

जोखीम फारच वाढली की कंपनी आधी कळवून वीजच बंद करते. ऑक्टोबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात एकाच वेळी सात लाखांहून अधिक ग्राहकांची वीज अशी गेली. घरी ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेल्या रुग्णासाठी हा साधा अंधार नव्हे. आता जास्तीचे स्विच बसवून धोक्याचा तेवढाच तुकडा तोडता येतो, काही ठिकाणी आवरण असलेल्या तारा टाकल्या आहेत, आणि फांदी लागताच सेकंदाच्या दहाव्या भागात प्रवाह थांबवण्याची सोयही आली आहे. तरीही वीज तोडावी लागेल. तेव्हा त्या रुग्णाला होणारा त्रासही जोखमीच्या हिशेबात धरला पाहिजे, आणि त्याच्या घरी बॅटरी पोहोचवायचा खर्च कंपनीने उचलला पाहिजे. काही कंपन्या अशा बॅटऱ्या देऊ लागल्या आहेत. ते सगळीकडे व्हायला हवं.