खवाट्याला सरकू द्या

जोर मारणाऱ्या मुलाच्या दंडाकडे नको, पाठीकडे बघा. तो खाली गेला की दोन्ही खवाटे, म्हणजे खांद्यामागची हाडं, मणक्याकडे सरकतात. वर आला की बरगड्यांना बिलगूनच बाहेर, पुढे जातात.

बडोद्याच्या मराठी तालमींना ही हालचाल नवी नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रा. माणिकराव कसरतीइतकेच निखळलेली हाडं बसवण्यासाठीही ओळखले जात. हाडांची जाण आणि व्यायाम ही दोन वेगळी खाती इथे नव्हती.

खवाटा म्हणजे पाठीवरचं तिकोनी, चपटं हाड. साधारण दुसऱ्या ते सातव्या बरगडीवर ते असतं. धडाशी त्याचा हाडाचा दुवा एकच, पुढचं हासळीचं हाड. बाकी सगळी भिस्त स्नायूंवर, म्हणून तर ते इतकं मोकळं फिरतं.

आता जोडी, म्हणजे दोन हातांत दोन लाकडी मुद्गल, फिरवणारा बघा. हात कानाशी न्यायचा तर १८० अंशांचा प्रवास. त्यातले ढोबळमानाने १२० अंश दंडाच्या हाडाचे, ६० खवाट्याचे. दोनास एक हे प्रमाण संशोधक इनमन आणि सहकाऱ्यांनी १९४४ साली मांडलं. माणसागणिक ते थोडं बदलतं. खवाट्याचं खालचं टोक काखेकडे फिरतं, खांद्याची खोबण वर वळते आणि हाताला वर जायला जागा मिळते. खवाटा अडला की हा भार खांद्याच्या सांध्यावर येतो.

‘खवाटे मागे आवळून ठेवा’ ही सूचना हल्ली सगळ्याच व्यायामांना सरसकट दिली जाते. बाकावर पडून वजन उचलताना ती योग्यच आहे, पाठीला पक्का आधार लागतो. जोराला मात्र ती लावू नये, असं आम्हाला ठामपणे वाटतं. बरगड्यांवरून निघून खवाट्याच्या आतल्या कडेला चिकटणारा, करवतीच्या दात्यांसारखा दिसणारा सेरेटस स्नायू जोर मारताना कसाला लागतो. तो किंवा त्याची नस दुबळी झाली, की भिंत ढकलताना खवाट्याची कड पाठीतून वर उचलते. तसं दिसलं तर जोर थांबवून डॉक्टरांना दाखवा.

एरवी, वर आल्यावर कोपरं सरळ झाली की लगेच खाली जाऊ नका. कोपरं न वाकवता जमीन आणखी बोटभर ढकला, कंबर लचकू देऊ नका. जोर झेपत नसतील त्यांनी हेच भिंतीला तळहात टेकून करावं.