पायवाटेच्या फरश्या रंगवताय? आधी फरशी उलटी करून बघा

नमस्कार मंडळी. ही फरशी बघा. यावर मे महिन्यात मी मोर काढला होता. आता पिसाऱ्यातले दोन डोळे उरलेत, बाकीचा मोर पोपडे होऊन गुलाबाच्या आळ्यात गेला. चार दिवस खपून काढलेला मोर गणपती यायच्या आत साफ! बघेल तो म्हणाला, "पुण्याचा पाऊस, दुसरं काय." मीही तेच धरून बसले होते. पण पाऊस बिचारा निर्दोष निघाला. म्हणजे, बराचसा.

(पोपडा हातात घेऊन) हा पोपडा उलटा केला की पाठीला पांढरी पूड दिसते. हा खार. माती ओली असली की फरशी खालून पाणी ओढते, दिव्याची वात तेल ओढते तसं. त्या पाण्याबरोबर क्षारही वर येतात. वरून ऊन लागलं की पाणी वाफ होऊन बाहेर पडायला बघतं आणि वर आपण रंगाचं झाकण लावून ठेवलेलं असतं. मग ते झाकणच उचललं जातं. रंग वरून धुऊन गेला नव्हता, खालून ढकलला गेला होता.

त्यामुळे आज नक्षीबद्दल थोडं आणि फरशीच्या पोटाबद्दल जास्त बोलणार आहे.

आपल्याकडे बागेत बहुधा तीन गोष्टी असतात. पहिली शहाबादी. कर्नाटकातल्या शहाबादवरून हे नाव आलं. हा चुन्याचा दगड. थोडं खरवडून त्या पुडीवर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येतील. म्हणून शेवाळं काढायला बाथरूमचं ॲसिड याच्यावर ओतू नका, ते फरशीच खातं. तारेचा ब्रश, पाणी आणि थोडा घाम, एवढं पुरतं.

दुसरा आपला काळा दगड, म्हणजे बसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर लेणं याच दगडात कोरलंय. याच्यावर रंग लावू नका. तांत्रिक कारण काही नाही, हे माझं मत आहे. पाऊस पडून गेल्यावर ओला काळा दगड जसा दिसतो, तसा रंग डब्यात मिळत नाही.

तिसरा सिमेंटचा. विकतचा पेव्हर ब्लॉक असो, नाहीतर घरी जुन्या परातीत ओतलेली चकती. रंगवायला हाच सगळ्यात चांगला. मात्र घरी ओतला असेल तर २८ दिवस थांबा. पहिले सात दिवस पाणी मारा, मग सावलीत वाळू द्या. ताजं सिमेंट फार अल्कलीयुक्त, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं असतं. त्यावर ऑइल पेंट लावला तर त्यातलं तेल आणि अल्कली मिळून साबण होतो. अक्षरशः साबण! माझ्या मोराला मी ऑइल पेंटच लावला होता, दुकानात "बाहेर टिकतो, ताई" म्हणाले म्हणून. लोखंडी गेटवर टिकतोही. मातीवर पडलेल्या फरशीवर नाही.

तर मग काय वापरायचं? बाहेरच्या भिंतींचं ॲक्रिलिक इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा रंग. त्याच्यातून थोडी वाफ आरपार जाते. बोहरी आळीत गेलात तर लहान डबा मागा, बादली नको. पायवाट रंगवायचीय, बंगला नाही. माळ्यावरचा जुना डबा मुलांच्या हातात देऊ नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत हवं, हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. डबा त्याआधीचा असेल तर आत काय आहे कोण जाणे.

फरशी कोरडी झालीय का, हे असं बघायचं. प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून थेंब दिसले तर अजून थांबा. जुलैत हा खेळ करूच नका. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. एप्रिल-मेमध्ये दुपारी फरशी इतकी तापते की ब्रश टेकवताच रंग सुकून ओढला जातो.

वरची बाजू गुळगुळीत असेल तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, धूळ पुसा. प्रायमरचा एक हात, रंगाचे दोन पातळ हात. जाड एक हात म्हणजे पोपड्याला आमंत्रण. शेवटच्या पारदर्शक हातात चाळलेली बारीक वाळू मिसळा, नाहीतर पहिल्या सरीत घरातलं कुणीतरी घसरेल. आणि खालची बाजू कोरीच ठेवा. पाण्याला निघायला एक दार हवं.

बसवताना खाली दोन इंच खडी घाला. मोठ्या खड्यांच्या फटींतून पाणी सहज वर चढत नाही. माझ्या मोराखाली नुसती माती होती. फरशी मातीपेक्षा बोटाच्या पेराएवढी वर ठेवा. दोन फरश्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर साधारण दोन फूट. पण टेप लावण्यापेक्षा घरात सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला चालायला लावा. आमच्याकडे सासूबाईंच्या पावलाने दीड फूट ठरलं.

आता नक्षी. आपण ती उभ्याने, पाच फुटांवरून बघतो. बारीक कलाकुसर दिसत नाही, मोठे आकार दिसतात. आणि पाय मधोमध पडतो, म्हणून मध्य साधा ठेवून नक्षी कडेला घ्या. उंबऱ्याची रांगोळी आपण कडेलाच काढतो ना. मी आपट्याचं पान ठेवून भोवती स्पंजने रंग थोपटून लावला. पान उचललं की जोडपानाचा आकार कोरा उरतो. चित्रकला येत नसली तरी जमतं.

स्वस्तिक काढायला निघाले होते, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "त्यावर पाय कोण ठेवणार?" तिथेच ब्रश धुतला.

(फरशीकडे बघत) या मोराला आता कुंडीखाली जागा दिलीय. दोन डोळे बाहेर दिसतील असं ठेवणार आहे.