यामागुचीतले अश्रू

मंडळी, 'ज्यांच्या कानावर सुवार्ता कधी पडलीच नाही, त्यांच्या तारणाचं काय?' हा आजचा विषय. सुवार्ता म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, तारण म्हणजे पापातून आणि नरकातून सुटका. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत तो जाड मथळ्याखाली येतो आणि बचावाच्या वकिलासारखा युक्तिवाद सुरू होतो. मी तो एका पत्रातून उचलणार आहे.

गोंयचो सायब, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर, १५ ऑगस्ट १५४९ला जपानमध्ये कागोशिमाला उतरले. दोन वर्षांहून जास्त काळ तिथे राहिले. परतल्यावर जानेवारी १५५२मध्ये त्यांनी कोचीनहून युरोपातल्या सोबत्यांना लांबलचक पत्र लिहिलं. यामागुची शहरातल्या लोकांनी त्यांना विचारलं होतं, तुमचा देव एवढा दयाळू, तर तुम्ही येईपर्यंत तो गप्प का बसला? आमच्या वाडवडिलांची त्याला दया नाही आली?

झेवियरांचं उत्तर मला फार आवडतं. चीनमधून धर्मपंथ यायच्या आधीही खून, चोरी, खोटी साक्ष वाईट हे तुम्हाला ठाऊक होतंच ना? मग ते कोणी शिकवलं? डोंगरात वाढलेला, अक्षरशत्रू, कुठलंच शास्त्र न ऐकलेला माणूस घ्या. खून करणं पाप की नाही, हे त्याला विचारा. त्याला सांगता येतं, कारण घडवणाऱ्यानेच ते त्याच्या मनात लिहून ठेवलंय. लोकांचं समाधान झालं, असं ते लिहितात.

पण त्याच पत्रात दुसरी गोष्ट आहे. नव्याने ख्रिस्ती झालेले लोक आपल्या मेलेल्यांसाठी रडत होते. आई, वडील, बायको, मूल. दानधर्म केला, प्रार्थना केली, तर त्यांना नरकातून सोडवता येईल का? झेवियरांनी सांगितलं, नाही, काही उपाय नाही. आणि पुढे लिहिलं की, ज्याला इलाज नाही अशा गोष्टीसाठी आपले जिवलग मित्र रडताना पाहून मलाही वाईट वाटतं.

पितृपक्षात कावळ्याची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या समाजाला हा प्रश्न समजावून सांगायची गरज नाही. मला खुपतं ते वेगळंच. डोंगरातल्या त्या माणसाच्या मनात देवाने नियम लिहिला असेल आणि एखाद्याचा बाप तो नियम पाळून मेला असेल, तर तो हरवला कसा? झेवियरांची ही दोन उत्तरं एकमेकांना भेटत नाहीत. निदान त्या पत्रात तरी नाही.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. १४४२मध्ये फ्लोरेन्सच्या महापरिषदेने स्पष्ट म्हटलं होतं, मरणापूर्वी ख्रिस्तसभेत, म्हणजे चर्चमध्ये, सामील न झालेल्यांना सार्वकालिक जीवन नाही. त्याआधी तेराव्या शतकात थॉमस अक्विनास यांनी एक फट ठेवली होती. रानात वाढलेला माणूस सदसद्विवेकाने वागला, तर देव त्याला आतून उजेड देईल किंवा बायबलमध्ये ख्रिस्ताचा शिष्य पेत्र याला कर्नेल्य या परक्या रोमी अधिकाऱ्याकडे धाडलं तसा कोणीतरी धाडील. पण मेलेल्यांकडे कोणाला धाडणार?

प्रॉटेस्टंट मंडळींपैकी अनेकजण आजही बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रातल्या दहाव्या अध्यायावर ठाम असतात. ऐकल्याशिवाय विश्वास कसा ठेवणार? मिशनरी जहाजात चढले ते याच वाक्याच्या जोरावर. पण त्याच पत्राचा दुसरा अध्याय हृदयावर लिहिलेल्या नियमाबद्दल बोलतो, आणि तो सहसा हळू आवाजात वाचला जातो. आपले ना. वा. टिळक म्हणत, मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पुलावरून चालणारा पोचला, हे मान्य. आणि पूल?

१९६४मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन महापरिषदेने ती फट रुंद केली. स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि विवेकाला स्मरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. कार्ल राहनर या जर्मन धर्मपंडितांनी अशांना 'अनामिक ख्रिस्ती' म्हटलं. हा शब्द मला थोडा आगाऊ वाटतो. न विचारता दुसऱ्याचं नाव आपल्या वहीत लिहिल्यासारखा. जपानी तत्त्वज्ञ निशितानी यांनी राहनरना विचारलंच, मी तुम्हाला अनामिक झेन बौद्ध म्हटलं तर? राहनर म्हणाले, माझा बहुमान समजेन. उत्तर दिलदार आहे, यात शंका नाही. पण प्रश्न पुन्हा जपानमधूनच आला, हे बघा.

महापरिषदेनंतर मिस्साच्या, म्हणजे कॅथोलिक उपासनेच्या, प्रार्थनाही बदलल्या. त्यांतली चौथी कृतज्ञता-प्रार्थना धर्मगुरू क्वचितच निवडतात, ती लांब आहे. तिच्यात मृतांसाठी विनवणी करताना, ख्रिस्ताच्या शांतीत मेलेल्यांनंतर आणखी काही जणांना आठवलं जातं : ज्यांचा विश्वास फक्त तुलाच ठाऊक होता, ते सगळे मृत. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चच्या वेदीवर एखाद्या धर्मगुरूने ती निवडली, तर हे शब्द झेवियरांचे अवशेष ठेवलेल्या चांदीच्या पेटीपासून काही पावलांवर उच्चारले जातात.