पाटाच्या कडेनं, शिवरस्त्यानं
(निवेदन)

[हँडलवरचा कॅमेरा. मातीची वाट, एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला द्राक्षबाग. नुकतं उजाडलंय.]

हा मखमलाबादचा पाट, म्हणजे गंगापूर धरणाचा डावा कालवा. नाशिक शहरातल्या बहुतेकांना तो गाडीनं ओलांडण्यापुरताच ठाऊक होता. त्याच्या कडेनं आम्ही सायकल घातली ती जून 2020 मध्ये.

त्याआधीचं, एप्रिल-मेच्या लॉकडाऊनमधलं रिकामं नाशिक सगळ्यांनी पाहिलंय. आमचे कॅमेरे तेव्हा घरात होते, सायकलीही. त्या दिवसांत मुंबई-आग्रा महामार्गावर ज्या सायकली दिसत होत्या, त्या काम सुटून उत्तरेकडे घरी निघालेल्या मजुरांच्या होत्या.

[ओला रस्ता. मोडलेल्या फांद्या.]

3 जून 2020 ला राज्यात ‘मिशन बिगीन अगेन’, म्हणजे लॉकडाऊन टप्प्याटप्प्यानं उठवणं, सुरू झालं. पहाटे 5 ते संध्याकाळी 7 या वेळेत बाहेर व्यायाम करायला मोकळीक मिळाली. मात्र एकेकट्यानं, आणि घराच्या जवळपासच. सायकल चालवा, तिच्यावर अंतर आपोआप राखलं जातं, असं त्या आदेशातच म्हटलं होतं. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा. ॲटलस सायकलचा साहिबाबादचा कारखाना त्याच दिवशी बंद पडला. आणि इकडे नाशिकवर निसर्ग चक्रीवादळाचा पाऊस आला. या फांद्या त्या वादळानं पाडलेल्या.

तोवर नाशिकची सायकल म्हणजे लांबचा पल्ला. 2015 मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी जोडीनं ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली. 2017 मध्ये लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्यानं पूर्ण केली. रविवारी कसारा घाट नाहीतर त्र्यंबक, आषाढात पंढरपूरची सायकल वारी. जवळपास कुठं जायचं, हा प्रश्न या शहराला कधी पडलाच नव्हता.

[टेबलावर पसरलेला गावनकाशा. त्यावरून फिरणारं बोट.]

तो त्या जूनमध्ये पडला, आणि उत्तर या कागदावर सापडलं. हा महसूल खात्याचा गावनकाशा. ही एकेरी तुटक रेषा बघा: हा पायमार्ग, रुंदी 8¼ फूट. ही दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, 16½ ते 21 फूट. बैलगाडी जावी म्हणून सोडलेली ही जागा कुणा एकाची नाही, सगळ्यांची आहे. दोन गावांच्या हद्दीवरून जातो तो शिवरस्ता. शेतांमधून जाते ती पाणंद.

आम्ही दोन-दोन गावांचे नकाशे शेजारी ठेवले. मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडलं आणि तुटक रेषा जिथं जमिनीवर अजून दिसते, तिथं पेन्सिलनं खूण केली. मखमलाबाद, दरी, मातोरी, मुंगसरा, दुगाव, गिरणारे. एका गावाची रेषा शिवेवर संपायची आणि दुसऱ्या नकाशावर तिथूनच पुढं निघायची. ती जुळली की पहाटे कुणीतरी एकजण जाऊन बघून यायचा. कधी वाट मिळायची, कधी नांगरलेलं रान. वाट मिळाली की संध्याकाळपर्यंत बाकीच्यांच्या फोनवर ती रेघ पोचलेली असायची.

[पाटाची वाट, सरळ.]

यात पाट सगळ्यात उपयोगी पडला. कालव्याचं पाणी आपल्या उतारानं वाहतं, म्हणून तो जमिनीची एक पातळी धरून वळणं घेत जातो. त्याच्या कडेची वाटही तशीच, जवळजवळ सपाट. महिनोन्‌महिने घरात बसलेल्या पायांना याहून चांगला रस्ता नाही. साधी, बिनगिअरची सायकलही इथं आरामात जाते. पुढं मातोरीकडं वळलं की चढ लागतो.

[रस्त्यावर आडव्या टाकलेल्या बाभळीच्या काट्या. पलीकडं बाजेवर बसलेले आजोबा, तोंडाला उपरणं.]

बऱ्याच गावांनी वेशी बंद केल्या होत्या, आणि ते बरोबरच होतं. आजोबा बाजेवरूनच म्हणाले, “गावात नका येऊ दादा. मागच्या बांधानं काढा, वढा लागंल, तिथून पाणंद हाये.” पाणी मागितलं तर हातानं दिलं नाही. मोटार चालू केली, पाइपाकडं बोट दाखवलं आणि दहा पावलं मागं जाऊन उभे राहिले. बाटलीत पडणारं हे विहिरीचं पाणी त्यांचं आहे. नकाशात नसलेल्या निम्म्या वाटा अशाच कळल्या, कुणीतरी लांबून हात करून दाखवलेल्या.

दक्षिणेकडं, दारणा नदीकाठी, मात्र अंधारात जायचं नाही असं ठरलं होतं. त्या उन्हाळ्यात तिथल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यानं माणसं मारली होती. तिथलं चित्रण उन्हं वर आल्यावरचं आहे.

[गिरणारे. टोमॅटोचे क्रेट भरलेली पिकअप, पाठोपाठ सायकली.]

पावसाळा सरता सरता गिरणाऱ्यात टोमॅटोचा बाजार भरला. पहाटे एकटे जाणारे लोक इथं, अंतर ठेवून, एकमेकांना पहिल्यांदा मास्कशिवाय चहा पिताना दिसले. शहरात नवी सायकल घ्यायची तर वाट पाहावी लागत होती.

एप्रिल 2021 मध्ये दुसरी लाट आली. नाशिकनं ऑक्सिजनअभावी जे भोगलं ते सगळ्यांना माहीत आहे. सायकली पुन्हा आत गेल्या.

[तारेचं कुंपण. पलीकडं पुसटशी चाकोरी.]

हा शिवरस्ता. जून 2020 मध्ये इथून सायकल जात होती. आता मधल्या तुकड्याला कुंपण आहे, पलीकडं प्लॉट पाडलेत. नकाशावर दुहेरी तुटक रेषा आहे तशीच आहे. शेत-पाणंद रस्त्यांसाठी नोव्हेंबर 2021 मध्ये राज्यानं मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. पण खडी टाकायला आधी रस्ता मोकळा हवा. वहिवाटीच्या रस्त्यावरचा अडथळा काढायचा आदेश तहसीलदारांना देता येतो, मामलेदार न्यायालय कायदा 1906, कलम 5. ज्यांची शेती या रस्त्याच्या टोकाला आहे, त्यांनी तसा अर्ज केलाय. मोजणी व्हायची आहे. या शेतकऱ्यांना ट्रॅक्टर न्यायचाय, आम्हाला सायकल. रस्ता एकच आहे. एवढा तुकडा सुटला, की आठवीतली पोरंसुद्धा मोठ्या रस्त्याला चाक न लावता पाटावरून थेट मातोरीच्या शिवारात जाऊ शकतील.