लाल सुई

(दृश्य : आठवडी बाजार. एसटी स्टँडमागचा दवाखाना. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत बाकड्यावर दाटीवाटीनं बसलेली माणसं.)

"गोळ्या नका देऊ डॉक्टर. लाल सुई द्या. मागच्या खेपेला दिली होती ना, तीच."

बीड जिल्ह्यातलं एक बाजारगाव. बोलणाऱ्या बाईंचं वय पन्नाशीच्या आसपास. पुढच्या आठवड्यात त्यांची टोळी ऊसतोडीला निघायची आहे. मुकादमाची उचल घेऊन झाली आहे, आणि ती फेडायची म्हणजे पहाटेपासून फडात वाकायचं. एक दिवस अंग धरलं, कामाला जाता आलं नाही, तर तो खाडा. मजुरी तर जातेच, वर पैसेही कापले जातात. म्हणून निघायच्या आधी 'ताकदीचं' काहीतरी हवं. जमलं तर एक बाटलीही.

बाटली म्हणजे सलाईन.

(दृश्य : जवळून. स्टीलच्या ट्रेमध्ये तपकिरी काचेची कुपी. सुई आत जाते, दट्ट्या मागे ओढला जातो.)

ही कुपी तपकिरी का असते? कारण आत असतं बी-१२ हे जीवनसत्त्व, आणि त्याला उजेड सोसत नाही. औषधाचा खरा रंग दिसतो तो सिरिंजमध्ये ओढल्यावर. डाळिंबाच्या दाण्यासारखा लालभडक. बाई मान वळवून तो रंग बघून घेतात आणि मगच दंडावरची बाही वर करतात. रक्त कमी झालंय, रक्ताच्या रंगाचं औषध आत गेलं, हिशेब जुळला. रंगानं एवढं काम केलेलं दुसरं औषध नसेल.

खरं तर तो रंग रक्ताचा नाही. बी-१२ च्या रेणूच्या पोटात कोबाल्ट नावाच्या धातूचा एक अणू बसलेला असतो, ही त्याची करामत. १९४८ साली अमेरिकेत मर्क आणि इंग्लंडमध्ये ग्लॅक्सो, अशा दोन औषध कंपन्यांत हे जीवनसत्त्व वेगळं काढलं गेलं, तेव्हा हाती आले ते लाल स्फटिकच. एके काळी पर्निशस अॅनिमिया नावाचा पांडुरोग झाला की माणूस हमखास जायचा. १९२६ मध्ये बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी अशा रुग्णांना रोज भरपूर काळीज खायला घालून उभं केलं. काळीज म्हणजे यकृत. आपल्याकडे मटणाच्या दुकानात मिळतं तेच. त्यातला गुण होता बी-१२ चा. १९३४ चं नोबेल त्यांना त्याबद्दल मिळालं, व्हिपल यांच्यासोबत. म्हणजे या सुईची कुळी मोठी आहे. तिनं माणसं वाचवली आहेत.

(दृश्य : परळ. हाफकिन संस्थेची जुनी इमारत. पाठीमागे गिरणीची चिमणी.)

या गोष्टीत एक पान मुंबईचंही आहे. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर इथं आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायका पांढऱ्याफटक पडत होत्या, बाळंतपणात दगावत होत्या. रक्त तपासलं तर वरवर चित्र त्या पर्निशस अॅनिमियासारखंच. पण तिकडे गुण देणारा यकृताचा शुद्ध अर्क इथं लागू पडेना. लागू पडला तो यीस्टचा अर्क, मार्माइट. पावाला लावून खातात तो स्वस्तातला काळा लगदा. १९३१ मध्ये विल्स यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. त्या लगद्यातला गुणकारी पदार्थ पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला.

सारखाच फिकुटलेला चेहरा, पण कमतरता दोन वेगळ्या. आणि यात एक खोच आहे. बी-१२ कमी असलेल्या माणसाला नुसतं फॉलिक अॅसिड देत राहिलं, तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांची झीज आतून चालूच राहते. तळपायाला मुंग्या येतात, अंधारात चालताना तोल जातो. चेहरा पाहून सुई ठरवणाऱ्याला हे कळायचं कसं?

(दृश्य : दवाखान्याची आतली खोली. दोन खाटा. खिळ्याला टांगलेली बाटली, थेंब पडताहेत.)

आता बाटलीकडे वळू. अर्धा लिटर साध्या सलाईनमध्ये मीठ असतं साडेचार ग्रॅम, बाकी पाणी. ताकद शून्य. ग्लुकोजची पाच टक्क्यांची बाटली घेतली, तर अर्ध्या लिटरमध्ये पंचवीस ग्रॅम साखर. पाच-सहा चमचे. समोरच्या टपरीवरच्या दोन गोड चहांत साधारण तेवढी होईल. बाटलीत पिवळं औषध सोडलं, तर ती बी गटातली जीवनसत्त्वं. गरजेपेक्षा जास्तीची मूत्रपिंड बाहेर टाकतं, आणि संध्याकाळी लघवी हळदीसारखी पिवळी होते. पैसे कुठे गेले ते दिसतंच.

मग बरं का वाटतं? वाटतं, हे खोटं नाही. उन्हातून आलेली बाई तासभर पंख्याखाली आडवी पडते. कुणी तिला उठवत नाही, पाणी आण म्हणत नाही. तिच्या वर्षात असे तास किती येत असतील? शिवाय काही ठिकाणी बाटलीत वेदनाशामक मिसळलेलं असतं, कधी स्टेरॉइडसुद्धा. त्यानं अंगदुखी पळते, आणि नाव होतं जीवनसत्त्वाचं. बी-१२ चं म्हणाल, तर खरी कमतरता असलेल्या माणसातही नव्या तांबड्या पेशींची भर रक्तात दिसायला काही दिवस जातात आणि हिमोग्लोबिन चढायला काही आठवडे. दहा मिनिटांत आलेली तरतरी त्याची नव्हे.

हे फक्त बाजारगावातच चालतं असं मात्र समजू नका. मुंबई-पुण्याच्या काचेच्या दवाखान्यांत हीच बाटली 'वेलनेस ड्रिप' म्हणून मिळते. मऊ खुर्ची, मंद संगीत, सोबत ग्लुटाथायोन नावाचं औषध, रंग उजळण्याची बोली. ऊसतोड मजुराला अडाणी म्हणणारे तिथं रांगेत असतात, आणि त्यांना तर खाड्याची भीतीही नसते.

मग सगळं थोतांडच म्हणायचं का? तसंही नाही, आणि इथंच घोळ आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ६७ टक्के जणांमध्ये बी-१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के निघालं. घर भरलेलं, ताट भरलेलं, आणि बी-१२ नाही! कारण ते भाजीपाल्यात, डाळीत, भाकरीत नसतंच. ते मिळतं दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतून. मधुमेहावर वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्येही ते कमी पडू शकतं.

म्हणजे बाकड्यावरच्या दहांपैकी काहींना ही सुई खरोखरच लागत असणार. कोणाला, हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही, आणि तपासत कोणी नाही.

नसांना इजा झाली असेल, आतड्यात ते शोषलं जात नसेल, पोटाचं मोठं ऑपरेशन झालं असेल, तर इंजेक्शनच हवं. बाकीच्यांना गोळी पुरते. रोजची गरज दोन मायक्रोग्रॅमच्या थोडी वर. हजार मायक्रोग्रॅमची गोळी घेतली आणि त्यातलं शेकडा एकच शोषलं गेलं, तरी दहा झाले.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी. ते चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही. त्याचं सहा लाख युनिटचं इंजेक्शन असतं. ते पुन्हा पुन्हा टोचलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंड धोक्यात येतं.

आणि सुई ती सुईच. २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा गावात हिपॅटायटिस बी या काविळीची साथ पसरली, अनेक जण दगावले. मूळ निघालं ते पुन्हा वापरलेल्या सिरिंजांत.

(दृश्य : पुन्हा दवाखाना. दुपार. बाकडं रिकामं होत आलं आहे.)

डॉक्टरांना आम्ही विचारलं, नाही म्हणता येत नाही का? ते हसले. "मी नाही म्हटलं की पेशंट समोरच्या दवाखान्यात. तिथं सुई पण मिळते आणि 'तुमच्या डॉक्टरांना काही कळत नाही' हेही ऐकायला मिळतं."

आज मात्र त्यांनी बाईंना रक्ताची तपासणी लिहून दिली आहे. रिपोर्ट येईपर्यंत म्हणून गोळ्यांची एक पट्टीही दिली. बाईंनी पट्टी उलटी-पालटी करून पाहिली.

"ही लाल न्हाई."

"आतून आहे, मावशी." डॉक्टरांनी एक गोळी नखानं मोडून दाखवली. आतला रंग गुलाबीसर.

बाईंनी तो तुकडा उजेडाला धरला.

"फिकी हाय," म्हणाल्या, आणि चिठ्ठीची घडी करून पट्टीसकट पिशवीत टाकली.